लिंबोणी कोणामुळें वाळली?

(शास्त्रपाठ : लूक १३ : १ ते ९)



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभीं दोन दुःखाच्या वार्ता आहेत व त्यांच्या मागोमाग एक दृष्टांत आहे. आमच्या उपासनांत दृष्टांत पुष्कळ वेळां वाचला जातो. वार्ता मात्र बहुधा गाळल्या जातात. पिलातानें कांहीं गालीलकरांस ते यज्ञ करीत असतांनाच मारविलें, ही एक वार्ता लोकांनीं प्रभूस सांगितली. शिलोहांतला बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, ही दुसरी त्यानें स्वतःच काढली. मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते काय, असें त्यानें दोनदां विचारलें, दोनदां नाहीं म्हणून सांगितलें, आणि ऐकणारांची नजर मेलेल्यांवरून काढून त्यांच्या स्वतःवर आणिली. मग लागलाच तो अंजिराच्या एका झाडाची गोष्ट सांगूं लागला. बुरुजाचा आणि अंजिराचा संबंध काय, हें आम्हांस पुष्कळ वर्षें नीट उमगलें नव्हतें. तो आम्हांस एका लिंबोणीपाशीं उमगला, आणि उमगला तेव्हां आमची मान खालीं गेली.

पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत श्रीगोंदें तालुका कागदी लिंबांकरितां नांवाजलेला आहे. त्या बाजूच्या एका लहान मंडळींत आम्ही वर्षांतून दोन-तीन वेळां जातों. मंडळी म्हणजे अकरा-बारा घरें. बहुतेकांस जमीन थोडी. कित्येकांस मुळींच नाहीं. परंतु प्रार्थनामंदिर व पंचांपैकीं एकाचें घर ह्यांच्या मधल्या जागेंत एक लिंबोणी होती, आणि तिचीं लिंबें साऱ्या मंडळीचीं असत. कोणाच्या घरीं ताप आला, पाहुणा आला, लग्नाचें लोणचें घालावयाचें झालें, कीं पाटी घेऊन तिच्याकडे यावें. उन्हाळ्यांत बाजारांत लिंबाचा भाव चढतो, तेव्हां दोन पाट्या विकून मंदिराच्या विजेचें बिल भागे.

लिंबोणी बियांची होती. पूर्वीच्या उपदेशकांच्या पत्नीनें ती लाविली. त्या बाईंची रीत येथें सांगून ठेवितों, कारण ती चांगली होती व पुष्कळ घरीं उपयोगी पडेल. त्यांनीं शेजारच्या बागेंतील निरोगी व भरघोस फळणाऱ्या झाडाचें पिकून पिवळें झालेलें फळ घेतलें. बिया धुऊन सावलींत सुकविल्या आणि चार दिवसांच्या आंत वाफ्यांत टाकिल्या. लिंबाचें बी ज्वारी-बाजरीसारखें गाडग्यांत घालून पुढल्या वर्षाकरितां ठेवितां येत नाहीं. कडकडीत वाळलें कीं त्यांतला जीव जातो. दोन-तीन आठवड्यांनीं बी उगवलें. एका बियांतून दोन, कोठें तीन रोपें आलीं. हें पाहून नवख्या माणसास नवल वाटतें. पण लिंबाची ही जातच तशी आहे. बियांत एक अंकुर फुलाच्या परागापासून होतो व बाकीचे केवळ आईच्याच अंगापासून होतात, आणि ह्या दुसऱ्या प्रकारचीं रोपें गुणानें हुबेहूब आईसारखीं निघतात. म्हणूनच बियांपासून केलेली लिंबोणीहि सहसा दगा देत नाहीं. बाईंनीं खुरटीं रोपें उपटून टाकिलीं; एकसारखीं व जोमदार होतीं तीं राखिलीं. वर्षानें, रोप दीड-दोन फूट झाल्यावर, तीन फूट लांब, तीन रुंद व तीन खोल असा खड्डा उन्हाळ्यांत तापूं देऊन पावसाच्या तोंडीं तो चांगली माती व कुजलेलें शेणखत ह्यांनीं भरला, आणि त्यांत एकच रोप लाविलें. ज्यांस बाग करावयाची आहे त्यांनीं दोन झाडांत वीस फुटांचें अंतर ठेवावें. जमीन मध्यम व निचऱ्याची असावी. खालीं चुनखड लागते तेथें, किंवा पावसाळ्यांत पाणी तुंबतें तेथें, लिंबोणी लावूं नये. पैसा मातींत जाईल.

तीन-चार वर्षें त्या झाडास नुसते कांटे आले. मुलांच्या पायांत कांटे मोडतात, हें तोडून टाका, असें मंडळींतले एक गृहस्थ वारंवार म्हणत. बाई हंसून सांगत कीं लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत नव्या झाडाचीं फळें तीन वर्षें खाऊं नयेत, चवथ्या वर्षीं तीं परमेश्वराचीं व पांचव्या वर्षीं आपलीं, असा नियम आहे; तेव्हां मोशेला लिंबोणी ठाऊक होती असें दिसतें! थट्टाच ती, पण अनुभवास धरून होती. बियांचें कागदी लिंबू चार-पांच वर्षांनींच नीट फळास लागतें. पांचव्या वर्षीं ही लिंबोणी लागली. पुढें उपदेशक व बाई बदलून दुसऱ्या गांवीं गेले. झाड मागें राहिलें.

तीन वर्षांपूर्वीं ईस्टरच्या सणास आम्ही तेथें होतों. झाड चांगलें डेरेदार झालें होतें, ऊन कडक होतें, आणि माणसें मंदिरांत मावेनात. आम्हीं तरुणांस सुचविलें कीं लिंबोणीच्या खोडाभोंवतीं दगडांचा कट्टा रचावा, आंत माती भरावी, म्हणजे संध्याकाळीं भजनास बसावयास जागा होईल व झाडासहि मातीची भर मिळेल. मुलांनीं दोन दिवसांत काम केलें. दोन फूट उंच सुरेख कट्टा झाला. पुढें त्यावर आम्हीं कितीदां तरी उपदेश केला.

त्याच वर्षीं मे महिन्यांत त्या पंचांच्या घरीं सून आली. झाडास पाणी घालण्याचें काम तिच्याकडे आलें, आणि ती तें मनापासून करी. कट्टा भरेपर्यंत पाणी घाली. दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऋतु नसतांना, लिंबोणी अशी फुलली कीं पान दिसेना. लोकांनीं आनंद केला. आम्हांसहि कोणी तरी तें कौतुकानें कळविलें. मग पानें शिरांपासून पिवळीं पडूं लागलीं, गोटीएवढीं फळें गळून कट्टा भरला, आणि एका बाजूच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही गेलों तेव्हां झाड अर्धें वाळलें होतें, आणि सून मंदिराच्या बाहेर पायरीपाशीं बसली होती. आंत कां येत नाहीं असें विचारतां तिनें उत्तर दिलें नाहीं. मग एक-एक ऐकूं आलें. बाहेर बसण्याच्या दिवसांत ती लिंबोणीस शिवली, म्हणून लिंबोणी वाळली, असें सासूबाईंचें म्हणणें होतें. आणि सासूबाईंपुढें मंडळीचेंहि तेंच. पहिल्यानें त्या चार दिवसांत तिनें झाडाकडे जावयाचें नाहीं असें ठरलें. मग हापशावर जावयाचें नाहीं. मग उपासनेस आंत बसावयाचें नाहीं. लग्नास दोन वर्षें होऊन मूल नव्हतें. तेंहि ह्याच हिशेबांत धरलें गेलें. तिला माहेरीं पाठवून देण्याचें नक्की झालें होतें. भावास फोन करून बोलाविलें होतें, तो सोमवारीं यावयाचा होता. आम्ही शनिवारीं पोंहोंचलों होतों.

बंधुजनहो, ही समजूत गांवोगांव आहे, आणि ती आमच्या मंडळ्यांच्या उंबरठ्यावर थांबलेली नाहीं, हें आपण मोकळेपणानें कबूल करावें. मिरच्यांबरोबर लिंबू दारावर टांगावयाचें आपण सोडलें, तिठ्यावरचें उताऱ्याचें लिंबू आपलीं मुलें पायानें उडवितात. पण लिंबोणीविषयींची ही भीति मात्र आपण गांठोड्यांत बांधून बरोबर आणिली आहे, कारण तिचा भार बायकांच्या डोक्यावर पडतो, आपल्या नाहीं.

तेथील तरुण उपदेशकांस आम्हीं विचारलें कीं आपण ह्यावर कांहीं बोललां काय. ते सज्जन आहेत. ते म्हणाले, लेवीयाच्या पंधराव्या अध्यायांत असेंच कांहीं लिहिलें आहे ना, म्हणून आम्ही गप्प राहिलों. आम्हीं तो अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचला. त्यांत अंथरुणाचा व आसनाचा उल्लेख आहे. झाडाचा नाहीं, आणि कोणास घराबाहेर घालवावें असाहि नाहीं. मग लूकाचा आठवा अध्याय काढला. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली स्त्री गर्दींतून येऊन प्रभूच्या वस्त्राच्या कांठास शिवली. त्या स्पर्शानें तो विटाळला नाहीं. ती बरी झाली. आणि त्यानें तिला लपून जाऊं दिलें नाहीं, सर्वांसमक्ष पुढें बोलाविलें व मुलगी म्हणून हांक मारिली. उपदेशकांनीं पुस्तक मिटलें आणि कांहीं वेळ ते बोलले नाहींत. नंतर म्हणाले, तरी पण झाड वाळलें तें कशानें?

हा प्रश्न योग्य होता. विटाळ खोटा आहे एवढें सांगून भागत नाहीं. झाड तर डोळ्यांदेखत मरत होतें, आणि कारण कळल्यावांचून गांवाच्या मनांतलें कारण हलणार नव्हतें. म्हणून रविवारीं पहांटे शेजारच्या मळ्यांतल्या एका वृद्ध बागाईतदारास आम्हीं विनंति केली. ते आमच्या मंडळींतले नाहींत, परंतु त्यांचा जन्म लिंबांत गेला आहे. ते आले, एकदां वर पाहिलें, एकदां खालीं पाहिलें, आणि विचारलें, "हा कट्टा कोणी घातला?"

कोणी बोलेना. पोरें आमच्याकडे पाहूं लागलीं.

त्यांनीं दगड काढविले व हातानें माती उकरली. माती ओली, आंबट वासाची होती. एक हात खालीं खोडाची साल तपकिरी पडून कुजली होती. बोट लाविलें तर निसटून येई. कुजण्याच्या वरच्या कडेस डिंकाचे थेंब मण्यांसारखे साकळले होते. ह्या रोगास डिंक्या म्हणतात. त्याचें बीज मातींत असतेंच. तें इतकें सूक्ष्म असतें कीं डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तें पाण्यांत पोहतें. खोडाशीं माती कोरडी असली तर तें कांहीं करूं शकत नाहीं. खोडाभोंवतीं मातीची भर घालून ती ओली ठेविली कीं तें सालींत शिरतें, आणि साल खोडाच्या भोंवतीं गोल कुजत जाते. पानांनीं तयार केलेलें अन्न सालींतून मुळांकडे उतरत असतें. ती वाट तुटली कीं अन्न वरच अडकतें, झाड अवेळीं फुलांनीं लदतें, आणि खालीं मुळें उपाशीं मरतात. ज्या बहराचें आम्ही कौतुक केलें, तो मरणाच्या वाटेवरचा बहर होता. (सणाच्या गर्दीचे आंकडे वर्षाच्या अहवालांत लिहितांना ही गोष्ट आमच्या मनांत आतां येते.)

म्हणजे झाड मारणारा सांपडला. तो सुनेच्या स्पर्शांत नव्हता, तो आमच्या सल्ल्यांत होता. तिनें जें पाणी घातलें तें आम्हीं बांधलेल्या भांड्यांत घातलें. आणि दोन वर्षें आम्ही त्याच कट्ट्यावर बसून, त्याच मातीवर पाय ठेवून, पाप व क्षमा ह्यांविषयीं बोलत होतों!

त्या दिवशींच्या उपासनेंत आम्हीं हाच अध्याय वाचला, वार्तांसुद्धां. आणि झाड आमच्यामुळें वाळलें हें सर्वांसमक्ष सांगितलें. सासूबाईंकडे पाहून सांगितलें, सुनेकडे पाहून क्षमा मागितली. ती आंत येऊन बसली होती. कोणी बोलाविलें हें आम्हांस ठाऊक नाहीं. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. लोकांस हें ऐकणें जड गेलें असें दिसलें. सून दोषी आहे असें मानणें त्यांस सोपें होतें. गांवास येणारा उपदेशक दोषी आहे असें मानणें अवघड. बुरुजाखालीं मेलेल्या अठरांचें पाप शोधणारांनाहि असेंच सोपें वाटलें असेल. बुरूज कोणी बांधला, पाया कसा घातला, हें कोणी विचारलें असेल असें वाटत नाहीं.

आतां दृष्टांतांतला माळी पाहा. धनी तीन वर्षें फळ पाहावयास येतो, सांपडत नाहीं, म्हणतो तोडून टाक. माळी झाडाची बाजू मांडीत नाहीं. झाड कां फळलें नाहीं, कोणाची दृष्ट लागली, कोणाचा हात लागला, ह्याचा पाढा वाचीत नाहीं. तो एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षांत आपण स्वतः काय करूं तें सांगतो: भोंवतीं खणीन, खत घालीन. दोष ठरविण्याच्या जागीं त्यानें आपले हात पुढें केले. वार्ता आणि दृष्टांत प्रभूनें एकापुढें एक कां ठेविले, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

बागाईतदारांनींहि एक वर्षच मागितलें. साल खोडाच्या सर्व बाजूंनीं कुजली असती तर उपाय नव्हता. ती निम्म्याहून थोडी अधिक कुजली होती. त्यांनीं सांगितलेली कृति, ज्यांच्या दारीं अशी लिंबोणी असेल त्यांच्याकरितां, देतों. प्रथम खोडाजवळची भर सगळी काढून मूळ जेथून फुटतें तो भाग उघडा करावा व उन्हावाऱ्यास लागूं द्यावा. कुजलेली साल धारेच्या सुरीनें निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी. खरवडलेलें गोळा करून जाळावें. मग बोर्डो मलम लावावें. एका झाडास शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना व एक लिटर पाणी पुरे. मोरचूद अर्ध्या पाण्यांत मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवावें, लोखंडी भांड्यांत कधींहि नाहीं. चुना उरलेल्या पाण्यांत निराळा विझवून गाळावा. मग दोन्ही एकाच वेळीं तिसऱ्या भांड्यांत ओतून ढवळावें. त्यांत घासलेला विळा क्षणभर बुडवून पाहावा; पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. मलम त्याच दिवशीं संपवावें. खोडास जमिनीपासून तीन फुटांपर्यंत तें पावसापूर्वीं एकदां व पावसाळा सरल्यावर एकदां लावावें. मोरचूद विष आहे. मुलांपासून दूर ठेवावें व हात धुवावे. हें मिश्रण फ्रान्स देशांतील बोर्डो गांवाच्या बाजूस निघालें. रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांनीं हात टाकूं नये म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद व चुना शिंपडीत, आणि त्या वेलांवर रोग येत नाहीं हें मिलार्दे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें. १८८५ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें. चोरांच्या भीतींतूनहि देव उपयोग काढतो.

पाण्याकरितां दुहेरी आळें करावें. खोडाभोंवतीं हातभर जागेंत मातीचा कोरडा उंचवटा ठेवून, पण खोडास माती न चढवितां, त्याच्या बाहेर दुसरें आळें काढावें व पाणी त्या बाहेरच्या आळ्यांतच द्यावें. खत फांद्यांचा घेर जेथें संपतो तेथें घालावें. अन्न घेणारीं बारीक मुळें तेथें असतात. आणि दृष्टांत वाचून कोणी उत्साहानें कुदळ मारूं नये! अंजिराचें कसेंहि असो, लिंबोणीचीं खाणारीं मुळें वरच्या फूटभर मातींतच असतात. खुरप्यानें वरवर चाळणी करावी, एवढेंच तिचें खणणें. आळ्यांत पाचट किंवा पालापाचोळा पसरावा, खोडापासून वीतभर दूर. पानांवर खैऱ्याचे खरबरीत ठिपके दिसले तर तसल्या फांद्या कोरड्या दिवसांत छाटाव्या, पावसांत नव्हे; कारण तो रोग पावसाच्या थेंबांबरोबर उडतो. कोंवळीं पानें खाणाऱ्या अळ्या लहानपणीं पांखरांच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून फसगत होते. त्या रविवारच्या शाळेच्या मुलांकडून वेंचवाव्या. मुलांस तें काम आवडतें.

एका गृहस्थांनीं त्या वेळीं विचारलें कीं लिंबोणीस बहर धरण्याकरितां पाणी तोडून ताण देतात, तसा ह्या मुलीवर देवानें ताण दिला असेल, पुढें फळ येईल, असें आपण म्हणावें काय? हा विचार आमच्या पुष्कळ प्रवचनांतून आलेला आहे, आणि आम्हींहि तो विधवांच्या व दुष्काळग्रस्तांच्या पुढें सांगितला आहे. बागाईतदार हंसले. ते म्हणाले, ताण धडधाकट झाडास द्यावयाचा असतो, लहानास किंवा दुखणाईतास नव्हे. हलक्या जमिनींत थोडे दिवस, भारी जमिनींत अधिक. पानें मलूल होऊन कांहीं गळूं लागलीं कीं माळी रोज येऊन पाहतो, आणि मग खत घालून आंबवणी व चिंबवणीचें पाणी बेतानें देतो. पाणी तोडून जो घरीं निघून जातो, त्यानें ताण दिला असें आमच्यांत म्हणत नाहींत. ह्यापुढें तो दृष्टांत सांगतांना आम्ही पाण्याचा हिशेब आधीं सांगूं.

सोमवारीं मुलीचा भाऊ आला. तो दुपारपर्यंत बसला, चहा घेतला, झाडाचे वाळलेले खांदे करवतीनें कापावयास हात लाविला, आणि एकटाच परत गेला.

ह्या गोष्टीस आतां वर्ष होत आलें. झाडाची वाळलेली बाजू गेली ती गेलीच. दुसऱ्या बाजूस आषाढांत नवी फूट आली. माघांत एकाच फांदीवर आंबे बहराचीं थोडीं फुलें दिसलीं, आणि गेल्या खेपेस आम्हीं मोजलीं तेव्हां नऊ फळें टिकून होतीं. तीं पुरतील असें लोणचें कोणी घालणार नाहीं. दृष्टांतांतलें झाड वर्षानंतर फळलें किंवा तोडलें गेलें, हें प्रभूनें सांगितलेलें नाहीं, आणि ह्या लिंबोणीविषयीं बागाईतदारहि शब्द देत नाहींत. ते आणखी एक पावसाळा पाहूं म्हणतात. कट्ट्याचे दगड हापशाच्या सांडपाण्याच्या मोरीस लाविले आहेत. पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हां मलम ह्याच आठवड्यांत लावावयाचें. मोरचूद आम्ही घेऊन जाणार आहों. चुना तेथें मिळतो. लावण्याचें काम सुनेनें मागून घेतलें आहे, आणि भांडें धरावयास सासूबाई उभ्या राहतील असा निरोप आहे.